अमृतसरचा लंगर: पंक्तिभेद नसलेली पंगत

अमृतसरच्या हरिमंदिर साहिबाच्या, म्हणजे सुवर्णमंदिराच्या, आवारात श्री गुरू रामदास लंगर, म्हणजे सर्वांसाठी मोफत चालणारे भोजनगृह आहे. तिथे मी चार दिवसांत सात वेळा जेवले आणि दोन दुपारी काम केले. एखाद्या भोजनगृहाविषयी लिहायचे तर चव, स्वच्छता, वाढप आणि बिल या चार गोष्टींविषयी लिहायचे असते, आणि तेही मी लिहिणार आहे. बिल तर इथे नाहीच. पण मुख्यतः मला या सेवेच्या मांडणीविषयी लिहायचे आहे. माणसे सारखी आहेत असे मी शाळेत तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. ते इथे सतरंजीच्या एका पट्टीवर, कोणी एक शब्दही न बोलता, प्रत्यक्षात घडते, आणि ते कसे घडते हे नीट पाहण्यासारखे आहे.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, हे लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे निवृत्तीनंतर पहिला मोठा प्रवास अमृतसरचाच करायचा हे आम्हा दोघांचे ठरलेले होते. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते. सुमारे २,००० किलोमीटरांचा हा प्रवास दीड दिवसाच्या आसपास चालतो, आणि वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी बादल्या घेऊन डब्यात चढतात व येईल त्याला जेवण वाढतात. नेहमीचे प्रवासी आपापले डबे आणि ताटल्या आधीच बाहेर काढून बसतात. आम्हाला हे ठाऊक नव्हते, तेव्हा समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने आपल्यातली एक ताटली आमच्या पुढे सरकवली. म्हणजे लंगरची पहिली ओळख आम्हाला अमृतसरच्या आधीच, उसन्या ताटलीत झाली.

हरिमंदिर साहिबात जाताना पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. आपल्याकडे देऊळ उंचावर आणि भक्त खाली, अशी सवय असलेल्या डोळ्यांना हे लगेच जाणवते. मंदिराला चार दिशांना चार दारे आहेत, आणि ती सगळ्या दिशांच्या, सगळ्या जातींच्या माणसांसाठी उघडी आहेत असा त्याचा अर्थ तिथला प्रत्येक जण सांगतो. चपला जोडाघरात द्यायच्या, डोके झाकायचे, वाहत्या पाण्यातून पाय धुऊन पुढे जायचे. या सगळ्यातून गेल्यावर लंगरच्या इमारतीशी येईपर्यंत मोठ्या अधिकाऱ्याचे आणि हमालाचे पाय सारखेच ओले आणि सारखेच अनवाणी झालेले असतात.

दारातच एक जण थाळी हातात देतो, दुसरा वाटी, तिसरा चमचा. नाव विचारत नाहीत, कुठून आलात तेही विचारत नाहीत. आतल्या दालनात लांबच लांब अरुंद सतरंज्या पसरलेल्या असतात. इथे जागा निवडता येत नाही, आणि या सेवेतली सर्वांत महत्त्वाची सोय मला हीच वाटली. जो ज्याच्या मागे आला तो त्याच्या शेजारी बसतो. पहिल्या दिवशी माझ्या डावीकडे माझे यजमान होते आणि उजवीकडे सायकलरिक्षा ओढणारे एक गृहस्थ. त्यांच्या पलीकडे परदेशी पाहुण्यांचे जोडपे पाय दुमडायची धडपड करत बसले होते. मग वाढपी येतात. काळ्या उडदाची दाट डाळ, एक भाजी, तांदळाची खीर आणि पोळ्या. चाकांच्या गाडीवरून वाटीत पाणी दिले जाते. हवे तितके घ्या, पण टाकू नका, एवढाच नियम.

पोळीला तिथे ‘परशादा’ म्हणतात, आणि ती थाळीत टाकत नाहीत. दोन्ही हात जोडून ओंजळीसारखे पुढे धरायचे आणि वाढपी वरून त्यात पोळी ठेवतो. मला हे माहीत नव्हते. मी थाळी पुढे केली. तो तरुण मुलगा थांबला, त्याने हसून मान हलवली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे करून दाखवले. मी हात पसरले. मला इथे खरे तेच लिहायला हवे: त्या क्षणी मला अवघडल्यासारखे झाले. आयुष्यभर मी वाढत आले आहे. घरी वाढले, सणावाराला वाढले, शाळेत गरजू मुलांना वह्या वाटल्या, वर्गणीच्या यादीत नाव लिहिले. कोणापुढे दोन्ही हात पसरून अन्न घेण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. आणि आपला हात नेहमी वरच राहिला याचा मला आजवर नकळत अभिमान होता, हे त्या पोळीची ऊब तळहातांना लागली तेव्हा कळले. उजवीकडच्या गृहस्थांनी अगदी तसेच हात पुढे केले होते. आमच्या दोघांच्या हातांवर पडलेली पोळी एकाच टोपलीतली होती.

चवीविषयी सांगायचे तर डाळ मंद आचेवर खूप वेळ शिजलेली, मसाला बेताचा, तिखट आपल्या मराठवाड्याच्या मानाने कमी. खीर मला फार आवडली. भाजी रोज वेगळी, कधी साधारण. पोळ्या काही हाताच्या, काही यंत्राच्या. गर्दीच्या वेळी यंत्राच्या जास्त, आणि हाताची पोळी अर्थातच सरस. पण सातही वेळा अन्न गरम होते, आणि हे मी फार मोठी गोष्ट मानते, कारण इथे रोज जेवणाऱ्यांची संख्या ५० हजारांच्या वर सांगतात, सणाच्या दिवशी त्याहून कितीतरी अधिक, आणि स्वयंपाकघर दिवसरात्र, चोवीस तास चालू असते. एक पंगत उठली की लगेच फरशी धुऊन पुसली जाते आणि दुसरी बसते. आवाज मात्र पुष्कळ असतो. हजारो स्टीलच्या थाळ्यांचा खणखणाट सतत चालू असतो, त्याची सवय व्हायला एक जेवण जाते.

ही प्रथा गुरू नानकांपासूनची, आणि तिसरे गुरू अमरदास यांनी ती नियमाने पक्की केली: आधी पंगत, मग संगत. म्हणजे गुरूंना भेटायचे असेल तर आधी सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे. अकबर बादशहा त्यांच्या भेटीला गोइंदवालला आला तेव्हा तोही आधी पंगतीत बसला, असे शीख परंपरा सांगते. गुरूंचा हिशेब मला फार खोल वाटतो. एकाच देवाची लेकरे आहोत असे म्हणायला कोणाचीच हरकत नसते. शेजारी बसून जेवायला असते.

आणि इथे मला आपला शब्द आठवल्यावाचून राहिला नाही. ‘पंगत’ हा शब्द पंजाबीत आहे तसाच मराठीतही आहे. पण मराठीत त्याच्या जोडीला आणखी दोन शब्द आहेत, ‘पंक्तिभेद’ आणि ‘पंक्तिप्रपंच’. एका पंगतीत एकाला साजूक तूप आणि दुसऱ्याला नुसता वरणभात, याला नाव द्यावे लागले, इतके ते आपल्याकडे सर्रास चालत होते. माझ्या लहानपणी गावच्या भंडाऱ्यात पहिली पंगत कोणाची, दुसरी कोणाची आणि सर्वांत शेवटी मारुतीच्या पाराच्या पलीकडे, उन्हात, कोण बसायचे, हे कोणाला सांगावे लागत नसे. त्या शेवटच्या पंगतीला वाढायला जाणारे हात जरा उंचावरून वाढत. आणि त्या सगळ्या पंगती उठल्यावर, भांड्याच्या तळाशी उरलेले घेऊन, चुलीपाशी बसत त्या माझ्या आईसारख्या बायका. जातीची उतरंड अंगणात होती आणि बाईची स्वयंपाकघरात. मी दोन्ही पाहिल्या आहेत. अलीकडेच आपल्याच राज्यातल्या एका देवस्थानात, ज्याचे नाव मी घेणार नाही, महाप्रसादासाठी देणगीदारांचे दालन वेगळे आणि इतरांची रांग वेगळी होती. आमच्या हातात पावती होती म्हणून आम्हाला आतल्या खुर्च्यांवर बसवले गेले, आणि मी बसले. त्या खुर्चीची आठवण मला अमृतसरच्या सतरंजीवर झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामाला गेलो. त्यासाठी कुठे नाव नोंदवावे लागत नाही. लसूण सोलणाऱ्या बायका आणि पुरुष गोल करून बसलेले असतात, मध्ये लसणीचा ढीग असतो. जागा दिसेल तिथे बसायचे आणि सोलायला लागायचे. माझ्याशेजारच्या वयस्कर बाईंनी एक सुरी माझ्याकडे सरकवली आणि ‘भैणजी, कुठल्या?’ असे त्यांच्या भाषेत विचारले. मी नांदेडजवळची म्हटल्यावर त्यांनी लसणीचे हात तसेच जोडले. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली नांदेडला देहावसान झाले, आणि पंजाबातल्या भाविकाला तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची वारी जन्मात एकदा तरी घडावी असे वाटते. मी त्या भूमीतली, एवढ्यावर त्यांनी हात जोडले. मी कोण, काय करते, मुले कुठे असतात, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. पुढचे दोन तास आम्ही जवळजवळ न बोलता लसूण सोलत होतो. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत सकाळी उठल्यावर आज आपली कोणाला गरज आहे, हा प्रश्न मला रोज पडत असे. त्या दोन तासांत तो एकदाही पडला नाही. मी सोललेली पाकळी कोणत्या कढईत जाणार, ती डाळ कोण खाणार, हे मला कधी कळणार नव्हते, आणि खाणाऱ्यालाही माझे नाव कळणार नव्हते. शाळेत माझ्या नावाची पाटी होती, निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळाले, त्या सगळ्याचा मला आनंदच आहे. पण आपले काम उपयोगी आहे हे कळायला कोणी ते आपले म्हणून ओळखावे लागत नाही, हे मला वयाच्या साठीत, बोटांना लसणीचा वास लागलेला असताना उमगले.

यजमान भांड्यांकडे गेले. तिथे लांब लांब हौद आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी असतात. खरकटे आधी झटकून वेगळे होते, मग थाळी एका हौदातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात स्वच्छ होते. आमच्या घरात यजमानांनी आजवर स्वतःचे ताट उचलले असेल, पण दुसऱ्याचे उष्टे कधी उचलले नव्हते. धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्टी काढली, हे आपण कीर्तनात शंभर वेळा ऐकतो आणि माना डोलावतो. नंतर घरी येऊन उष्टी काढतात बायकाच. इथे हौदाच्या दोन्ही कडांना उभी असलेली बहुसंख्य माणसे पुरुष होती, पीठ मळणाऱ्यांत पुरुष होते, वाढपी पुरुष होते, आणि बायकांच्या पहिल्या पंगतीला कोणाची ना नव्हती. यजमान दीड तासाने बाहेर आले तेव्हा बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. ‘उद्या पुन्हा येऊ,’ एवढेच ते म्हणाले. परत आल्यापासून आमच्या घरची संध्याकाळची भांडी तेच घासतात. मी त्यांना सांगितलेले नाही.

उष्टी काढणे हे काम तिथे किती मानाचे आणि त्याच वेळी किती नमवणारे समजतात, हे आणखी एका गोष्टीवरून कळते. शिखांचे सर्वोच्च धर्मपीठ असलेली अकाल तख्त ही संस्था चुकलेल्या माणसाला शिक्षा देते ती सेवेची: जोडे पुसणे, भांडी घासणे, शौचालये धुणे. डिसेंबर २०२४ मध्ये पंजाबच्या एका माजी उपमुख्यमंत्र्यांना ती मिळाली. जे काम यात्रेकरू हौसेने मागून घेतो, तेच काम सत्तेत राहिलेल्याला प्रायश्चित्त म्हणून दिले जाते. काम एकच, आणि दोघांनाही ते ज्या पातळीवर आणून ठेवते ती पातळीही एकच.

मात्र एवढे लिहून थांबले तर हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. पंजाबातल्या कितीतरी गावांत आजही जातवार वेगळे गुरुद्वारे आहेत, वेगळी स्मशाने आहेत. लंगरच्या सतरंजीवर मिटलेली रेघ गावाच्या वेशीत पुन्हा उमटते. खुद्द हरिमंदिर साहिबातही समता आपोआप टिकली नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी नव्याने अमृत घेतलेले, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घेतलेले, दलित शीख प्रसाद घेऊन आले तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला आधी नकार दिला. अखेर गुरू ग्रंथ साहिब उघडून कौल घेतला गेला, तो आलेल्यांच्या बाजूचा निघाला, आणि प्रसाद स्वीकारला गेला. त्याच वर्षी गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. ज्या जागेच्या चार दारांचा अर्थ सगळ्यांना पाठ होता, तिथेही कोणाला तरी दारात उभे राहून तो अर्थ पुन्हा मागून घ्यावा लागला. आपल्याकडे चोखोबांची समाधी पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाबाहेर आहे, आणि ते देऊळ सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढून दिले आणि स्वतः लवाजम्यासह तिथे जाऊन चहा घेतला. राजाने कपाला ओठ लावल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. पंगत असो की चहाचा कप, समतेला प्रत्येक पिढीत कोणीतरी जागा करून द्यावी लागते, नाहीतर जुनी उतरंड परत येऊन बसते. लंगरचे मोठेपण मला यात दिसते की ही जागा तिथे दर पंगतीला नव्याने केली जाते, दिवसातून कितीतरी वेळा, फरशी धुऊन.

तिसऱ्या दिवशी पहाटे परिक्रमेत बसून कीर्तन ऐकताना नामदेवांचे एक पद मनात होते. नामा आनंदाने देवळात आला, भक्ती करत असताना त्याला धरून उठवले गेले. माझी जात हीन, शिंप्याच्या जन्माला मी का आलो, असे तो देवालाच विचारतो, आणि घोंगडी उचलून देवळाच्या मागे जाऊन बसतो. मग देऊळच त्याच्याकडे फिरते. हे पद गुरू ग्रंथ साहिबात आहे, आणि आमच्याकडे हा प्रसंग औंढा नागनाथचा म्हणून सांगतात. मी औंढ्याला लहानपणापासून कितीदा गेले आहे, आणि देऊळ फिरल्याची गोष्ट मला तिथे नेहमी चमत्कार म्हणूनच सांगितली गेली. उठवले गेल्याचे दुःख मात्र तिथे कोणी सांगितले नाही. ते पंजाबने पदासकट जपून ठेवले, आणि शिंपी नामदेव, विणकर कबीर, चर्मकार रविदास आणि मुसलमान शेख फरीद यांच्या शब्दांपुढे रोज हजारो माणसे माथा टेकवतात. पंजाबातल्या घुमान या गावी नामदेवांचे अखेरच्या काळात वास्तव्य होते असे तिथे मानतात. २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच झाले. अमृतसरला जाणाऱ्या मराठी माणसाने एक दिवस घुमानसाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आवाराजवळ यात्रेकरूंसाठी निवासाची सोय आहे, पण सुट्ट्यांत आणि गुरुपुरबाच्या, म्हणजे गुरूंच्या जयंती-पुण्यतिथीच्या, दिवसांत फार गर्दी असते, तेव्हा दुसरी व्यवस्था हाताशी ठेवावी. लंगरात गुडघेदुखी असणाऱ्यांनी शक्यतो रांगेच्या टोकाला बसावे, म्हणजे पाय बाजूला घेता येतो. यजमानांनी तसेच केले. दुपारी बारा ते तीन दालने भरलेली असतात. ज्यांना वाढप, स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा शांतपणे पाहायची आहे त्यांनी रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे जावे. त्या वेळी चहाही मिळतो. दानपेटी आहे, पण ती कोणी तुमच्या पुढे करत नाही. पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, मात्र दोन तास सवड असेल तर आधी लसणीच्या ढिगापाशी बसा. बायकांनी ओढणी किंवा पदर घ्यावा. डोक्यावर बांधायला काही नसेल तर प्रवेशाशी रुमाल ठेवलेले असतात, त्यातला कोणताही उचलावा, आणि बाहेर पडताना पुढच्या माणसासाठी परत टोपलीत ठेवावा.